गोळीबारानंतरची फेडरल फाइल: कशी उघडते, कुठे अडते

अमेरिकेत एखाद्या गावच्या पोलिसाने कुणाला गोळी घातली की दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एफबीआय कधी येणार? प्रश्न मराठी घरातून आला असेल तर विचारणाऱ्याच्या मनात सीबीआय असते. स्थानिक पोलिसांवर भरवसा नाही, तेव्हा वरच्यांनी तपास हातात घ्यावा, अशी ती अपेक्षा. नागरी हक्कांच्या दाव्यांचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही अपेक्षा पहिल्याच फोनवर मोडावी लागते. सीबीआयला राज्यात शिरायला राज्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो, पण एकदा शिरली की खुनाचा तपास ती खून म्हणूनच करते. एफबीआयचं उलट आहे. तिला राज्याला विचारावं लागत नाही. मात्र गावच्या पोलिसाने केलेला खून हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात खून म्हणून गुन्हाच नाही. तो राज्याचा विषय. फेडरल सरकारच्या हातात मुख्यतः एकच कलम आहे: फेडरल कायदेसंहितेच्या अठराव्या शीर्षकातलं २४२.

या कलमाचं मूळ यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. सरकारी अधिकार वापरून एखाद्याचा संविधानाने दिलेला हक्क जाणूनबुजून हिरावला तर तो गुन्हा, एवढंच ते सांगतं. पोलिसाच्या गोळीच्या बाबतीत तो हक्क म्हणजे चौथ्या दुरुस्तीतला, गैरवाजवी बळाने रोखलं न जाण्याचा हक्क. नुसता हक्कभंग असेल तर शिक्षा १ वर्षापर्यंत. शारीरिक इजा झाली किंवा घातक शस्त्र वापरलं तर १० वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंत, आणि कागदावर तरी देहदंडापर्यंत. या शेवटच्या तरतुदीचा व्यवहारात मोठा उपयोग होतो. ज्या गुन्ह्याला देहदंड होऊ शकतो त्याला मुदतीची मर्यादा नसते. म्हणून मृत्यूच्या प्रकरणात फेडरल आरोप कितीही वर्षांनी ठेवता येतो. माणूस वाचला असेल तर मात्र ५ वर्षं.

सगळी अडचण ‘जाणूनबुजून’ या अटीत आहे. जॉर्जियाच्या बेकर काउंटीतला शेरीफ क्लॉड स्क्रूज याने १९४३ मध्ये टायर चोरल्याच्या संशयावरून रॉबर्ट हॉल या कृष्णवर्णीय तरुणाला बेड्या घालून मरेपर्यंत मारलं. राज्याने खटला भरला नाही, फेडरल सरकारने भरला आणि ज्युरीने दोषी ठरवलं. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम टिकवलं, पण शिक्षा रद्द केली: मारण्याचा हेतू पुरेसा नाही, विशिष्ट हक्क हिरावून घेण्याचा हेतू सिद्ध करा. फेरखटल्यात स्क्रूज सुटला आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही गेला. तेव्हापासून आजवर प्रत्येक फाइल याच उंबरठ्यावर अडखळते. घाबरून झाडलेली गोळी, चुकीचा अंदाज, निष्काळजीपणा, वाईट प्रशिक्षण यांतलं काहीही २४२ मध्ये बसत नाही. बचाव पक्षाला अमुक एकच कारण सिद्ध करावं लागत नाही. भीती खरी असावी अशी वाजवी शंका ज्युरीतल्या १२ जणांपैकी एकाच्या मनात राहिली तरी दोषी ठरवता येत नाही.

गोळी नव्हती, पण हेच कलम होतं असं एक प्रकरण भारतीयांना जवळचं वाटेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात मुलाकडे राहायला आलेले एक गुजराती गृहस्थ फुटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः अर्धांगवायू झाला. गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. महिना-दीड महिन्यात फेडरल आरोप लागला. इतकी तत्परता क्वचित दिसते. तरी दोन ज्युरींचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. शहराने दिवाणी दावा १७.५ लाख डॉलरना मिटवला, तोही २०२१ मध्ये. व्हिडिओ आहे म्हणजे खटला जिंकला, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं.

तेव्हा करायचं काय? एफबीआयची वाट बघत बसायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे पुरावा विरघळण्याचे असतात आणि तो वाचवणं बरंचसं कुटुंबाच्या हातात असतं.

सगळ्यात आधी मृतदेह. आपल्याकडे अंत्यसंस्कार लवकर उरकण्याची घाई असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण दहनानंतर दुसरं शवविच्छेदन होऊ शकत नाही. काउंटीचा मेडिकल एक्झामिनर किंवा कोरोनर पहिलं शवविच्छेदन करतो, त्याला कुटुंबाची परवानगी लागत नाही. त्यानंतर स्वतंत्र पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं करून घ्यायचं असेल तर ते एम्बामिंगच्या (मृतदेह टिकवण्यासाठी रसायनं भरण्याच्या) आधी व्हायला हवं, कारण त्या रसायनांनी ऊतींची आणि जखमांच्या कडांची स्थिती बदलते. मृतदेह भारतात न्यायचा असेल तर एम्बामिंगचा दाखला सक्तीचा असतो. म्हणजे फ्युनरल होमला होकार देण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा लागतो. खर्च काही हजार डॉलर येतो. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३७ नुसार स्थानिक यंत्रणेने वाणिज्य दूतावासाला मृत्यू कळवायचा असतो. गावच्या पोलिसांना हे बहुधा ठाऊक नसतं, तेव्हा दूतावासाला आपणच ईमेल टाकावा.

दुसरी गोष्ट कपडे. गोळी किती अंतरावरून आली हे शर्टावरच्या काजळीवरून आणि बंदुकीच्या दारूच्या कणांवरून कळतं. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कपडे कात्रीने कापतात, आणि पोलिसांनी ताब्यात घेतले नाहीत तर ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून कुटुंबाला देतात. ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कुजतं. कपडे धुवायचे नाहीत, झटकायचे नाहीत. वाळू द्यायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा, वर तारीख आणि हात लावलेल्यांची नावं लिहायची.

मग पत्रं. पोलीस खात्याला, शहराच्या वकिलाला आणि आसपासच्या प्रत्येक दुकानाला पुरावा जपून ठेवण्याची लेखी नोटीस जायला हवी, पोचपावतीसह. दुकानांचे कॅमेरे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जुन्यावर नवं चित्रण लिहितात. पोलिसांच्या बॉडीकॅमचं चित्रण जपण्याची मुदत राज्यागणिक बदलते. इलिनॉय आणि टेक्ससमध्ये किमान ९० दिवस. गोळीबाराचं चित्रण पुरावा म्हणून खूण करून ठेवतात, ते सहसा राहतं. हरवतं ते नंतर पोचलेल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांचं, जिथे अनेकदा सगळ्यात मोकळं बोलणं टिपलेलं असतं. म्हणून नोटिशीत ‘घटनास्थळी आलेल्या सर्वांचे कॅमेरे’ असं स्पष्ट लिहावं. सोबत कॅमेऱ्याची वापरनोंद मागावी: कधी चालू झाला, कुणी कधी पाहिला. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे कॉल, रेडिओवरचं बोलणं, डिस्पॅचच्या वेळांची नोंद, टेझरच्या (विजेचा झटका देणाऱ्या पिस्तुलाच्या) आतली नोंद, हेही मागावं. ॲक्सॉन कंपनीच्या बॉडीकॅममध्ये बटण दाबण्याआधीचे ३० सेकंद साठतात, पण मूळ सेटिंगमध्ये त्यांना आवाज नसतो. तो आवाज ‘काढून टाकला’ असा आरोप पत्रकार परिषदेत करून नंतर तोंडघशी पडलेली माणसं आहेत.

आता फेडरल तक्रार. एफबीआयच्या स्थानिक कार्यालयात करता येते, जिल्ह्याच्या अमेरिकी ॲटर्नीकडे, म्हणजे फेडरल सरकारी वकिलाकडे, करता येते, किंवा न्याय विभागाच्या नागरी हक्क विभागाच्या ऑनलाइन अर्जावर. अर्ज भरला की नोंद क्रमांक मिळतो, तो जपावा. मोठ्या बातमीच्या घटनेत तक्रारीची गरजही नसते, फाइल आपणहून उघडते. अर्जात अन्याय, वंशद्वेष, क्रूरपणा यांवर परिच्छेद खर्ची घालू नयेत. २४२ ला वंशद्वेष सिद्ध करावा लागत नाही. वेळ, जागा, खात्याचं नाव, माहीत असेल तर बिल्ला क्रमांक, किती गोळ्या, माणूस कुठे तोंड करून होता, हातात काय होतं, साक्षीदार कोण आणि कॅमेरे कुठे, एवढं दोन पानांत बसतं. एजंट तेच वाचतो.

फाइल उघडली म्हणजे सहसा तीन माणसं जोडली जातात: एफबीआयचा एजंट, स्थानिक फेडरल वकील आणि वॉशिंग्टनमधल्या नागरी हक्क विभागाच्या फौजदारी शाखेचा वकील. एफबीआयची पीडित-साहाय्य करणारी व्यक्ती कुटुंबाला फोन करते. साक्षीदारांच्या मुलाखती होतात. ताब्यात नसलेल्या साक्षीदाराची मुलाखत बहुधा ध्वनिमुद्रित होत नाही. एजंट टिपणं घेतो आणि नंतर ३०२ नावाच्या फॉर्मवर सारांश टाइप करतो. पुढे तुमची उलटतपासणी त्या सारांशावर होते. म्हणून वकील सोबत असावा आणि त्याने स्वतःची टिपणं घ्यावीत. एजंटशी खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा. न पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणण्यापेक्षा ‘दिसलं नाही’ म्हणावं. भारतातून आलेल्या आईवडिलांनी काही पाहिलं असेल तर मराठी दुभाषा मागावा. मुलाने किंवा सुनेने दुभाषा होऊ नये, कारण ते बहुधा स्वतःच साक्षीदार असतात आणि दोन जबान्या एकमेकींत मिसळतात.

न पाहिलेलं सांगण्याने किती नुकसान होतं हे मिसूरीतल्या फर्ग्युसन गावच्या प्रकरणाने दाखवलं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन मारला गेला. एफबीआयने परिसरातली घरं पुन्हा पिंजून काढली, लष्कराच्या मेडिकल एक्झामिनरकडून तिसरं शवविच्छेदन झालं. मार्च २०१५ च्या अहवालात न्याय विभागाने साक्षीदार एकेक करून तपासले: कुणाचं म्हणणं रक्ताच्या खुणांशी जुळतं, कुणाचं गाडीतल्या डीएनएशी जुळत नाही, कुणी नंतर कबूल केलं की आपण तिथे नव्हतोच. आरोप ठेवला गेला नाही. हा अहवाल प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आम्ही वाचायला देतो. फेडरल वकील पुरावा कसा तोलतात हे त्याच्याइतकं उघडपणे दुसरीकडे क्वचितच लिहिलेलं आहे.

तपासात एक कुंपण असं आहे जे बाहेरच्यांना दिसत नाही. गोळी झाडणाऱ्या पोलिसाला खातं सांगू शकतं, ‘जबाब दे, नाहीतर नोकरी जाईल.’ अशा सक्तीने घेतलेला जबाब त्याच्यावरच्या फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, १९६७ च्या गॅरिटी निकालामुळे. त्या जबाबातून निघालेले धागेही वादात सापडतात. म्हणून अंतर्गत चौकशीची फाइल आधी खटल्याशी संबंध नसलेल्या वेगळ्या वकिलाकडे जाते, तो जबाब बाजूला काढतो आणि उरलेलं तपास पथकाला देतो. याला वेळ लागतो. कुटुंबाच्या वकिलाला दिवाणी दाव्यात किंवा एखाद्या पत्रकाराकडून असा जबाब मिळाला तर तो उत्साहाने एजंटला फॉरवर्ड करू नये. आधी फेडरल वकिलाला फोन करून सांगावं की आमच्याकडे असं काही आहे, कुणाकडे पाठवू? एका ईमेलने खटला नासू शकतो.

मग हेतू सिद्ध होतो कशाने? पोलीस स्वतःहून ‘मला हक्क हिरावायचा होता’ असं म्हणत नाही. न्यायालयांनी १९८५ च्या गार्नर निकालात ठरवून दिलंय की पळून जाणाऱ्या, धोका नसलेल्या माणसावर गोळी झाडता येत नाही. १९८९ च्या ग्रॅहॅम निकालात बळाचं मोजमाप ‘घटनास्थळावरचा वाजवी पोलीस’ हे ठरलं. आणि मे २०२५ च्या बार्न्स निकालाने सांगितलं की शेवटच्या दोन सेकंदांपुरतं पाहू नका, आधीचंही सगळं बघा. पण हे निकाल बळ गैरवाजवी होतं का, याचं उत्तर देतात. जाणूनबुजून होतं का, याचा पुरावा इतर कागदांत सापडतो. पहिला कागद प्रशिक्षणाचा: नेमकं हेच करू नको असं शिकवलं होतं का, त्या वर्गाच्या हजेरीपटावर सही आहे का? दुसरा, सोबतच्या पोलिसांची साक्ष. आणि तिसरा, गोळीनंतरचं वागणं, जे आमच्या मते सर्वांत वजनदार. खोटा अहवाल, हलवलेली वस्तू, बंद केलेला कॅमेरा. चूक झाल्याचं ज्याला खरंच वाटतं त्याला खोटं रचायची गरज पडत नाही, हा युक्तिवाद ज्युरीला पटतो.

साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये एप्रिल २०१५ मध्ये मायकेल स्लेगर या पोलिसाने पळत असलेल्या वॉल्टर स्कॉटवर ८ गोळ्या झाडल्या. स्कॉटने टेझर हिसकावला असं त्याने सांगितलं. वाटेवरच्या एकाने फोनवर काढलेल्या व्हिडिओत पाठीवर झाडलेल्या गोळ्या दिसल्या आणि नंतर मृतदेहाजवळ एक वस्तू टाकतानाही तो दिसला. तरीही डिसेंबर २०१६ मध्ये राज्याच्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. मे २०१७ मध्ये त्याने २४२ खाली गुन्हा कबूल केला, राज्याचे आरोप मागे घेतले गेले, आणि त्याला २० वर्षं झाली.

राज्याचा खटला चालू असताना फेडरल फाइल बहुतेक वेळा थांबून बघत असते, आणि कुटुंबाला वाटतं की तिकडे कुणी हलतच नाही. राज्यात निर्दोष सुटला तरी फेडरल खटला चालू शकतो, कारण राज्य आणि केंद्र ही कायद्याने दोन स्वतंत्र सत्ता. २०१९ च्या गॅम्बल निकालाने हे पुन्हा पक्कं केलं. पण न्याय विभागाने स्वतःवर एक अंतर्गत बंधन घातलेलं आहे: मोठं फेडरल हित असावं, राज्याच्या निकालात ते उघडपणे अपुरं राहिलेलं असावं, आणि पुरावा दोष सिद्ध होईल इतका असावा. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी मारहाण केलेल्या रॉडनी किंगच्या प्रकरणात १९९२ ला राज्याच्या ज्युरीने सोडलेल्यांपैकी दोघांना १९९३ मध्ये याच वाटेने ३० महिन्यांची कैद झाली. केंटकीतल्या लुइव्हिलचा पोलीस ब्रेट हँकिसनही तसाच. छाप्यात इतर पोलिसांच्या गोळ्यांनी मारली गेलेल्या ब्रिओना टेलरच्या घरावर पडदे लावलेल्या खिडकीतून आणि दारातून त्याने १० गोळ्या झाडल्या, एकही कुणाला लागली नाही. २०२२ मध्ये राज्याने सोडला, २०२३ मध्ये फेडरल ज्युरी फुटली, नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या ज्युरीने दोषी ठरवला. जुलै २०२५ मध्ये न्याय विभागानेच एका दिवसाची शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी ३३ महिने दिले. वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय यावर किती अवलंबून असतं, हे वेगळं सांगायला नको.

या थांबण्याच्या काळातच घड्याळ कुटुंबाचा घात करतं. फेडरल फौजदारी तपास चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. हक्कभंगाची भरपाई मागायच्या फेडरल कलम १९८३ खालच्या दिवाणी दाव्याला मुदत राज्याच्या इजा-दाव्याची लागते: केंटकी आणि टेनेसीत १ वर्ष, टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत २, न्यूयॉर्कमध्ये ३. राज्याच्या कायद्याखाली शहरावर दावा करायचा तर त्याआधीची नोटीस आणखी लवकर द्यावी लागते: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ९० दिवस, कॅलिफोर्नियात ६ महिने. ‘एफबीआयचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे चांगले दावे यातच गेलेले आहेत. गोळी लागून वाचलेल्या माणसावर पोलीस बहुधा हल्ल्याचा आरोप ठेवतात. सुटकेसाठी त्याने तो कबूल केला तर बऱ्याचदा १९८३ चा दरवाजाही बंद होतो. फौजदारी वकिलाला हे दरवेळी सुचतंच असं नाही.

राज्याचा तपास कोण करतो हेही आधीच विचारावं. देशात सुमारे १८,००० पोलीस खाती आहेत आणि एकसमान नियम नाही. महाराष्ट्रातल्या चकमकींवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर साऱ्या भारताला लागू अशा १६ सूचना दिल्या, तसं काही इथे नाही. न्यू जर्सीत पोलिसांच्या हातून झालेला मृत्यू राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आणि मग आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे जातो. कॅलिफोर्नियात मृत व्यक्ती नि:शस्त्र असेल तरच ॲटर्नी जनरल येतो. इतर अनेक ठिकाणी रोज त्याच पोलिसांसोबत काम करणारा स्थानिक सरकारी वकील.

बहुतेक फाइली आरोपाविना बंद होतात. तेव्हा फेडरल वकील कुटुंबाला बोलावतात आणि पत्र देतात. क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांच्या टमीर राइसची फाइल सहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. व्हिडिओ इतका अस्पष्ट की हेतू सिद्ध करता येणार नाही, हे कारण. त्या बैठकीत विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत: बळ गैरवाजवी होतं असं तुमचं मत झालं का, की फक्त हेतूवर अडलं? खोट्या अहवालाचा गुन्हा वेगळा तपासला का? ग्रँड ज्युरीपुढे काय गेलं हे ते सांगू शकत नाहीत, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी मिळतं आणि दिवाणी वकिलाला ते दिशा देतं. तिथे हेतूची अट नाही.

संपूर्ण खात्याची चौकशी हा वेगळा मार्ग. १९९४ च्या कायद्याने न्याय विभागाला तो अधिकार दिला, १९९७ मध्ये पिट्सबर्गशी पहिला न्यायालयीन करार झाला. त्यातून एका गोळीला न्याय मिळत नाही, आणि कुटुंबाला तो अधिकार वापरता येत नाही. मे २०२५ मध्ये मिनियापोलिस आणि लुइव्हिलचे करार खुद्द न्याय विभागाने सोडून दिले.

फाइल बंद झाल्यावर कागद मागता येतात. तपास चालू असताना माहिती अधिकाराच्या फेडरल कायद्याखालचा अर्ज ‘चौकशीत अडथळा येईल’ म्हणून फेटाळतात. बंद झाल्यावर ते कारण उरत नाही. अर्ज एफबीआय, नागरी हक्क विभाग आणि अमेरिकी ॲटर्नींचं कार्यालय या तिघांकडे स्वतंत्र करावा, प्रत्येकाकडची फाइल वेगळी असते. बंद झाल्याचं पत्र आणि मृत्यूचा दाखला सोबत जोडावा, नाहीतर मृत व्यक्तीच्या खासगीपणाचं कारण देऊन नावं काळी करून पाठवतात. दिवाणी दावा चालू असेल तर वकिलाने न्याय विभागाच्या नियमांनुसार वेगळी लेखी मागणी करायची, नुसत्या समन्सवर एजंट साक्षीला येत नाही. आणि मृत्यूच्या प्रकरणात मुदत संपत नसल्याने, नवा साक्षीदार किंवा नवं चित्रण हाती आलं तर जुना नोंद क्रमांक घालून तीच फाइल पुन्हा उघडण्याची विनंती करता येते.